रुंद जागा हवी की जवळची? सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये आईवडिलांसाठी राखीव जागा ठेवण्याबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सुपरमार्केटच्या दारासमोरच्या जागा लहान मुलं असलेल्या आईवडिलांसाठी राखीव आहेत. तुमच्या आईंचे गुडघे दुखतात, पण अपंगत्वाचा पार्किंग परवाना मिळावा इतका त्रास नाही, म्हणून त्यांना पार्किंगच्या दुसऱ्या टोकापासून चालत यावं लागतं. आणि राखीव जागेतून मात्र धडधाकट तरुण जोडपी उतरताना दिसतात. मूल होऊ देणं हा ज्याचा त्याचा निर्णय, मग त्याची सोय दुकानाने का करायची, असं तुम्ही विचारलंय.

दुकानांचे वाहनतळ आखणं हे माझं काम आहे. पट्टे कुठे मारायचे, माणसं कुठून चालतील, ट्रॉल्या कुठे ठेवायच्या, हे सगळं त्यात येतं. हा प्रश्न जवळपास प्रत्येक कामात निघतो आणि बहुतेक वेळा चुकीच्या टोकाकडून निघतो. म्हणून माझं मत आधी सांगते: लहान मुलांसोबत येणाऱ्यांसाठी जागा जरूर राखाव्यात, पण त्या दारासमोर असण्याची गरज नाही. त्या रुंद असायला हव्यात. तुमचा राग मला रास्त वाटतो. तो आईवडिलांवर निघतोय, खरं तर तो आखणीवर निघायला हवा.

पार्किंगमध्ये माणसांच्या गरजा तीन प्रकारच्या असतात. गाडीचं दार पूर्ण उघडता येईल एवढी बाजूची मोकळीक, दुकानाच्या दारापर्यंतचं अंतर कमी असणं, आणि चालताना गाड्यांच्या वाटेत न येणं. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या व्यक्तीला तिन्ही लागतात. तुमच्या आईंना मुख्यतः दुसरी लागते. मांडीवरच्या बाळाला घेऊन आलेल्या बापाला पहिली आणि तिसरी लागते, दुसरी जवळपास नाहीच. दुकानं या तिन्ही गरजा एकाच पाटीखाली कोंबतात आणि ती पाटी दारासमोर लावतात. भांडण सुरू होतं ते तिथे.

आता पहिली गरज नीट पाहू, कारण ज्यांनी चाइल्ड सीट, म्हणजे गाडीत लहान मुलाला पट्ट्यांनी बांधून बसवायची वेगळी सीट, कधी वापरली नाही त्यांना ही गरज लक्षात येत नाही. ब्रिटनमध्ये गाडीच्या साध्या जागेचं नेहमीचं माप २.४ मीटर रुंद आणि ४.८ मीटर लांब असं धरतात. इतर अनेक देशांतली मापं याच्या थोडी अलीकडे-पलीकडे असतात. 'ट्रान्सपोर्ट अँड एन्व्हायर्नमेंट' या युरोपीय संस्थेने २०२४ च्या सुरुवातीला दिलेल्या आकड्यांनुसार युरोपात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांची सरासरी रुंदी २०१८ साली १७७.८ सेंटिमीटर होती, ती २०२३ च्या पहिल्या सहामाहीत १८०.३ झाली. यात बाजूचे आरसे धरलेले नाहीत. म्हणजे शेजारशेजारच्या दोन्ही गाड्या आपापल्या पट्ट्यांच्या अगदी मधोमध उभ्या असल्या, तरी त्यांच्यात जेमतेम ६० सेंटिमीटर उरतात. आणि मधोमध कोण लावतं?

एकटा मोठा माणूस एवढ्या फटीतून अंग चोरून बाहेर पडतो. दार अर्धवट उघडतो, एक पाय काढतो, वळतो, सुटतो. चाइल्ड सीटचं गणित निराळं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १२९ क्रमांकाच्या नियमानुसार बनलेल्या सीटमध्ये बाळ किमान १५ महिन्यांचं होईपर्यंत गाडीच्या मागच्या दिशेला तोंड करूनच बसवायचं असतं. ही सीट मागच्या सीटवर बसवलेली असते, तिची पाठ पुढच्या सीटकडे असते. बाळाला आत ठेवायला मोठ्या माणसाला कमरेपासून वरचं सगळं अंग गाडीत घालावं लागतं, बाळाचं डोकं दाराच्या चौकटीला लागू नये म्हणून एक हात मानेखाली, दुसऱ्या हाताने पट्टे बाजूला करायचे, मग खांद्यावरून पट्टा, मग कडी, मग तो पुरेसा घट्ट बसला की नाही हे बोट घालून पाहायचं. बाळासकट उचलून नेता येते ती सीटसुद्धा साधारण ४४-४५ सेंटिमीटर रुंद असते आणि ती तिरपी करता येत नाही, कारण आत बाळ झोपलेलं असतं. हे सगळं करायला दार जवळजवळ पूर्ण उघडावं लागतं. ६० सेंटिमीटरच्या फटीत ते उघडत नाही.

मग लोक काय करतात? पार्किंगच्या कडेला उभं राहून पाहिलंत तर पंधरा मिनिटांत सगळे प्रकार दिसतात. काहीजण गाडी जागेत घालण्याआधी मार्गिकेतच थांबवतात, मुलाला बाहेर काढतात, आणि दुसरं कुणी सोबत नसेल तर ते मूल तिथेच उभं करून गाडी आत घेतात. काहीजण दोन जागांच्या मधल्या पट्ट्यावर गाडी लावतात आणि दोन जागा खातात. काहीजण टोकाला, जिथे अग्निशमनाची गाडी यायला वाट सोडलेली असते, तिथे लावतात. आणि काहीजण, हे सगळ्यात वाईट, दिव्यांगांच्या जागेत लावतात. ते नेहमी बेपर्वाईनेच लावतात असं नाही, रुंद जागा तेवढीच असते. पहिला प्रकार मला सर्वांत जास्त घाबरवतो. मार्गिकेत उभं केलेलं दोन वर्षांचं मूल आणि त्याच्या बाजूने पुढेमागे होणारी त्याच्याच घरची गाडी.

म्हणून 'दुकानाने का करायचं' या प्रश्नाला माझं पहिलं उत्तर व्यवहाराचं आहे. रुंद जागा दिल्या नाहीत तरी दुकान त्याची भरपाई करतच असतं: अडलेल्या मार्गिकेतून, गिळलेल्या जागांतून, शेजारच्या गाडीला बसलेल्या दाराच्या खोकांवरून होणाऱ्या भांडणांतून. खोक पडते ती शेजाऱ्याच्या गाडीला. त्या शेजाऱ्याला मूल असो वा नसो, चाइल्ड सीटवाली गाडी रुंद जागेत गेली तर त्याचाही फायदाच आहे.

दुसरं उत्तर तत्त्वाचं आहे. मूल होऊ देणं हा निर्णय असेल, पण २.४ मीटर हाही कुणीतरी घेतलेला निर्णयच आहे. तो घेताना डोळ्यांसमोर एकटा, हातपाय धड असलेला, रिकाम्या हाताचा प्रौढ माणूस होता. गिऱ्हाईक तसंच असतं असं दुकान धरून चाललं, आणि मग बाकीच्यांना काही दिलं की ती सवलत दिसायला लागते. शिवाय सोय ज्याची होते ते आधी मूल असतं, आईवडील नंतर. गाडीच्या दाराच्या चौकटीवर डोकं आपटतं ते त्याचं, आणि जन्माला येण्याचा निर्णय त्याचा नव्हता.

आता जवळ असण्याबद्दल. लहान मूल घेऊन आलेलं कुटुंब दुकानात शिरल्यावर आत काही शे मीटर चालतं, थांबतं, परत मागे येतं. त्यांना दारापासून आणखी पन्नास-साठ मीटर चालण्याचा त्रास होत नाही. त्रास होतो तो गाड्यांच्या मार्गिका ओलांडण्याचा. दारासमोरची जागा म्हणजे वाहनतळातली सर्वांत गजबजलेली जागा. तिथे गाड्या जागा शोधत घोटाळतात, कुणी माणूस उतरवायला थांबतं, मागून हॉर्न वाजतो, टॅक्सी शिरते, ट्रॉल्यांची रांग ढकलणारा कर्मचारी त्यातूनच जातो. मूल हातातून निसटावं अशी सर्वांत वाईट जागा तीच आहे, आणि आपण त्यांना मानाने तिथेच बसवतो.

दोन वर्षांचं मूल साधारण ८५ सेंटिमीटर उंच असतं. उंच गाडीच्या पुढून किंवा मागून ते जात असेल तर चालवणाऱ्याला ते दिसत नाही. काळजीपूर्वक पाहिलं तरी दिसत नाही, कारण मध्ये पत्रा असतो. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाने मागे जाणाऱ्या गाडीखाली येऊन होणाऱ्या अपघातांचे आकडे काढले होते: वर्षाला सरासरी २१० मृत्यू, त्यांपैकी ३१ टक्के पाच वर्षांखालची मुलं आणि २६ टक्के सत्तरी गाठलेली किंवा ओलांडलेली माणसं. यात घरासमोरचे अपघातही आहेत, फक्त दुकानांचे नाहीत. याच कारणाने तिथे मे २०१८ पासून सर्व नव्या हलक्या वाहनांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. पण त्या आकड्यांत दुसरं काय दिसतंय ते पाहा. लहान मुलांच्या पाठोपाठ तुमच्या आईंच्या वयाची माणसं आहेत. पार्किंगमध्ये ज्यांना धोका आहे ते दोन्ही गट एकाच बाजूला आहेत, आणि दारासमोरच्या चार जागांवरून आपण त्यांनाच एकमेकांसमोर उभं करतो.

म्हणून मी कुटुंबांच्या जागा पायवाटेला चिकटून ठेवते. वाहनतळाच्या एका कडेने दुकानाच्या भिंतीपर्यंत जाणारी, गाड्यांपासून कठड्याने किंवा उंचवट्याने वेगळी केलेली पायवाट असेल, तर तिला लागून असलेली रांग त्यांच्यासाठी सर्वांत चांगली. गाडीतून उतरलं की दोन पावलांत पायवाट, मग मार्गिका ओलांडायची ती फार तर एकदा, दारापाशी, जिथे झेब्रा क्रॉसिंग आणि गतिरोधक आहे. ही रांग दारापासून लांब असली तरी चालेल. उलट थोडी लांब असलेली बरी, कारण मग मूल सोबत नसलेल्यांना तिथे घुसण्याचा मोह होत नाही. जागा रुंदीपेक्षा जवळपणामुळे बळकावली जाते. जवळपणा काढून घेतला की निम्मी चोरी आपोआप थांबते. हा माझ्या कामातला सर्वांत भरवशाचा अनुभव आहे.

दारासमोर रिकाम्या झालेल्या त्या साध्या रुंदीच्या जागा मग तुमच्या आईंसारख्यांना देता येतात. ज्यांना चालवत नाही पण परवाना नाही, गुडघ्याची किंवा कंबरेची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे, दम लागतो, अशांसाठी 'चालायला त्रास होणाऱ्यांनी प्राधान्याने वापरावी' एवढी पाटी पुरते. त्यांना जादा रुंदी लागत नाही, त्यामुळे दुकानाची एकही जागा कमी होत नाही. फक्त पाटी बदलते.

दिव्यांगांच्या जागांना मात्र यात कुणीही हात लावायचा नाही. त्या आधी आखायच्या, बाकी सगळं नंतर. त्यांची संख्या आणि मापं अनेक देशांत कायद्याने ठरलेली आहेत. अमेरिकेत अशा जागेला ९६ इंच रुंदी आणि शेजारी ६० इंचांची मोकळी पट्टी लागते, आणि १०० गाड्यांच्या तळावर अशा किमान ४ जागा द्याव्या लागतात. आईवडिलांच्या जागांना सहसा असा आधार नसतो. ब्रिटनमध्ये त्या बहुतेक सुपरमार्केटांत दिसतात, पण त्या दुकानाने स्वतःहून दिलेल्या असतात. हा फरक पाटीवर आणि रंगातही दिसला पाहिजे. एकदा दोन्ही प्रकारच्या जागा सारख्याच पिवळ्या पट्ट्यांनी रंगवल्या की लोक दोन्हींना 'दुकानाची विनंती' समजायला लागतात, आणि मग चाकाची खुर्ची घेऊन आलेला माणूस गाडीतच बसून राहतो.

इथपर्यंत गोळा करून सांगायचं तर: दिव्यांगांना रुंद आणि जवळची, चालायला त्रास होणाऱ्यांना साधी पण जवळची, लहान मुलांसोबत येणाऱ्यांना रुंद आणि पायवाटेलगतची. आता हे प्रत्यक्षात उतरवायला काय लागतं ते बघू, कारण दुकानमालकाचा खरा आक्षेप तिथे असतो.

तो म्हणतो, रुंद जागा दिल्या तर माझ्या जागा कमी होतील. होतील, पण किती? १२ मीटर लांबीची रांग घ्या. २.४ मीटरप्रमाणे तिच्यात ५ गाड्या बसतात. त्याच रांगेत ३ मीटरप्रमाणे ४ बसतात. म्हणजे चार कुटुंबांना रुंद जागा देण्याची किंमत आहे एक जागा. दोनशे गाड्यांच्या तळावर अशा आठ जागा केल्या तर दोन जागा गेल्या. दोन जागांवर गाडी चढवून लावणाऱ्यांमुळे गर्दीच्या वेळी याहून जास्त जागा जातात.

हे ३ मीटर दोन पद्धतींनी मिळतात. एक, प्रत्येक जागाच ३ मीटरची रंगवायची. दोन, साध्या २.४ मीटरच्या दोन जागांमध्ये १.२ मीटरची तिरप्या रेघांची मोकळी पट्टी सोडायची. बेरीज तीच, ६ मीटरमध्ये दोन गाड्या. दुसरी पद्धत कागदावर छान दिसते, कारण पूर्ण १.२ मीटर एका ठिकाणी मिळतात. पण ती पट्टी गाडीच्या एकाच बाजूला येते. चाइल्ड सीट दुसऱ्या बाजूला असेल तर? गाडी उलटी लावून बाजू बदलता येते खरी, पण मग डिकी भिंतीकडे किंवा मागच्या रांगेकडे जाते आणि सामान ठेवायला जागा उरत नाही. जुळी मुलं असतील, किंवा एक बाळ आणि एक तीन वर्षांचं, तर दोन्ही दारं लागतात. त्यामुळे माझा कल पहिल्या पद्धतीकडे आहे. पायवाटेलगतच्या रांगेत तर बाहेरच्या टोकाच्या गाडीला एका बाजूची मोकळीक फुकटच मिळते. सरसकट ३.६ मीटर द्यावेत असं म्हणणारेही आहेत. मला ते जास्त वाटतं. रुंदी फार झाली की लोक त्या एका जागेत दोन छोट्या गाड्या घालायला बघतात.

डिकीमागच्या जागेचा विचार मात्र फारसं कुणी करत नाही, आणि मला विचाराल तर तो रुंदीइतकाच महत्त्वाचा आहे. खरेदी झाली, मूल ट्रॉलीच्या सीटवर बसलंय, पिशव्या ट्रॉलीत आहेत. आई गाडीपाशी येते, डिकी उघडते. ट्रॉली कुठे उभी राहते? मार्गिकेत. मुलासकट. आणि ती पिशव्या आत ठेवायला पाठ फिरवते तेव्हा मुलावर नजर नसते, मागून गाडी येत असते. काही जणी म्हणून आधी मूल गाडीत बसवतात; मग भरलेली ट्रॉली मार्गिकेत एकटी उभी राहते. दोन्हींत धोका आहे, पहिल्यात जास्त. जागेच्या मागे १.२ मीटरची रेघांची पट्टी सोडली तर ट्रॉली त्या पट्टीत राहते, गाड्यांच्या वाटेच्या बाहेर. ब्रिटनमध्ये दिव्यांगांच्या जागेमागे अशी पट्टी ठेवण्याची शिफारस आहेच. कुटुंबांच्या जागांनाही ती द्यावी असा माझा प्रत्येक वेळी आग्रह असतो, आणि रांग पुढे सरकवून ती बहुतेक वेळा मिळतेही.

ट्रॉली ठेवण्याचा कठडा या जागांपासून दोन-तीन गाड्यांच्या अंतरात असला पाहिजे. कारण साधं आहे. मूल गाडीत बसवून झाल्यावर ट्रॉली परत ठेवायची असते. कठडा लांब असेल तर आईवडिलांपुढे दोनच वाटा उरतात: मुलाला बंद गाडीत सोडून जाणं, किंवा ट्रॉली तिथेच टाकून निघणं. उन्हात उभी असलेली गाडी किती वेगाने तापते याच्या २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोजणीत, तापमानाच्या एकूण वाढीपैकी सुमारे ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झालेली दिसली, आणि काच थोडी उघडी ठेवल्याने काही फरक पडला नाही. कुणी अर्धा तास ट्रॉली ठेवायला जात नाही, हे खरं. पण 'दोन मिनिटांत आले' म्हणून मुलाला गाडीत ठेवून जाण्याची सवय लागते ती अशाच ठिकाणी, आणि ही सवय लावणारी आखणी मला मान्य नाही. लहान मुलांच्या सीटच्या ट्रॉल्याही याच कठड्यात ठेवाव्यात. त्या दुकानाच्या दारात असतील तर बाळाला कडेवर घेऊन अख्खा तळ ओलांडल्यावर ट्रॉली मिळते, म्हणजे जिथे तिची गरज होती तिथे ती नव्हती.

उताराबद्दल एकच सांगते. या जागा शक्य तितक्या सपाट हव्यात, १:५० पेक्षा, म्हणजे पन्नास मीटरला एक मीटरपेक्षा, जास्त उतार नको. ट्रॉली घरंगळते, आणि तिच्यात मूल असतं. अमेरिकेत १९९० ते २०११ या काळात शॉपिंग ट्रॉलीमुळे झालेल्या दुखापतींसाठी वर्षाला सरासरी २४,००० मुलं रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात नेली गेली. त्यांतल्या सुमारे ७० टक्के दुखापती ट्रॉलीतून पडल्यामुळे होत्या.

किती जागा ठेवायच्या, याला मी आकडा देत नाही, कारण तो दुकानावर अवलंबून आहे. शाळेशेजारचं दुकान, कार्यालयांमधलं दुकान, वस्तीबाहेरचं मोठं दुकान यांची गिऱ्हाइकं वेगळी. मी करते ते असं: कामाच्या दिवशी सकाळी, कामाच्या दिवशी संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी गर्दीच्या वेळी तळावर फेरी मारून किती गाड्यांत चाइल्ड सीट आहे आणि त्यांतल्या किती गाड्यांतून खरंच मूल उतरतं ते मोजते. दोन्ही आकड्यांत मोठा फरक असतो, कारण रिकामी सीट घेऊन एकटे येणारे पुष्कळ असतात. मग खरंच मूल उतरलेल्या गाड्यांच्या तीन वेळच्या मोजणीतल्या मधल्या आकड्यापेक्षा थोड्या कमी जागा रंगवून सुरुवात करायला सांगते. वाढवणं सोपं असतं. कमी करणं फार कठीण. आणि भरलेल्या तळावर राखीव जागा रिकाम्या दिसल्या की लोकांचा नियमावरचा विश्वास उडतो. त्यानंतर ते दिव्यांगांच्या रिकाम्या जागेकडेही त्याच नजरेने बघायला लागतात.

तळ अगदी छोटा असेल, तीसेक गाड्यांच्या आतला, तर मी राखीव हा शब्दच वापरू नये असं म्हणेन. टोकाच्या दोन जागा थोड्या रुंद करा आणि 'लहान मूल सोबत असल्यास कृपया प्राधान्य द्या' असं लिहा. तळघरातल्या पार्किंगमध्ये वेगळी अडचण येते: खांब. खांबाशेजारची जागा रुंद दिसते, पण खांब नेमका मागच्या दारासमोर आला तर तिचा काही उपयोग नाही. तिथे गाडी उभी करून, दार उघडून बघितल्याशिवाय पट्टे मारू नयेत. लिफ्टजवळची रांग निवडावी, म्हणजे रॅम्पवरून बाबागाडी ढकलायला नको.

आता या जागा कुणाच्या, हे ठरवणं. 'आई आणि मूल' अशी पाटी आणि झग्यातल्या बाईचं चित्र मला खटकतं. मुलाला बाबा आणतात, आजोबा आणतात, सांभाळणारी बाई आणते. सोय मुलाच्या सीटची आहे, आईपणाची नाही. वयाची अट घालायची तर ती सोपी हवी: चाइल्ड सीटमध्ये बसणारं, स्वतः दार उघडून पट्टा लावू न शकणारं मूल. सर्वसाधारणपणे हे पाचेक वर्षांपर्यंत चालतं. दहा वर्षांच्या मुलाला या जागेची गरज नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांतल्या बाईला मात्र आहे, कारण तिलाही दार पूर्ण उघडल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. पाटीवर तिचं नाव घालावं. दक्षिण कोरियातल्या सोल शहराचं उदाहरण इथे उपयोगी आहे. तिथे २००९ मध्ये महिलांसाठी राखीव जागा सुरू झाल्या. २०२३ मध्ये त्या कुटुंबांसाठीच्या जागांमध्ये बदलल्या गेल्या, आणि गरोदर स्त्रिया, बाळ सोबत असलेले आणि हालचालींना त्रास होणारी वृद्ध माणसं यांना त्या खुल्या झाल्या. माणूस कोण आहे यावरून निघून त्याला अडचण काय आहे इथे येणं, ही दिशा मला योग्य वाटते. जवळच्या आणि रुंद जागा वेगळ्या करून मी त्याच दिशेने आणखी एक पाऊल टाकते, इतकंच.

दंडाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: या जागांसाठी दंड नको. सुरक्षारक्षकाने गाडीत डोकावून मूल आहे का बघायचं, मुलाचं वय विचारायचं, गरोदर बाईला पुरावा मागायचा, हे कुणालाच शोभणारं नाही. गिऱ्हाइकांनीही एकमेकांना हटकू नये. तुम्ही ज्या जोडप्यांना एकटं उतरताना पाहिलंत त्यांतले काही नक्कीच नियम मोडणारे असतील. पण असंही होतं की आई बाळाला घेऊन आधी दुकानात गेलेली असते आणि बाबा त्यांना न्यायला आलेला असतो. जाताना बाळाला सीटमध्ये बसवायचंच असतं. दिसतं त्यावरून ठरवता येत नाही. तुमच्या आईंचंही तसंच आहे ना? गुडघ्याचं दुखणं बाहेरून दिसत नाही, आणि त्या दारासमोर गाडीतून उतरल्या तर कुणीतरी त्यांच्याकडेही तसंच बघेल. दिव्यांगांच्या जागांची गोष्ट वेगळी. तिथे परवाना दिसतो आणि तिथे कडक राहायलाच हवं.

तुम्हाला दुकानाच्या व्यवस्थापकाशी बोलायचं असेल तर 'आईवडिलांच्या जागा काढा' असं म्हणून जाऊ नका. तो दोन्ही बाजूंच्या तक्रारी ऐकून थकलेला असतो, आणि काढल्या तर उद्या दुसरे येतील हे त्याला माहीत असतं. त्याला सांगा की पुढच्या वेळी पट्टे नव्याने रंगवायचे असतील तेव्हा कुटुंबांच्या जागा पायवाटेच्या रांगेत हलवा, आणि दारासमोरच्या जागा चालायला त्रास होणाऱ्यांना द्या. पट्टे झिजतात, त्यामुळे रंग दर काही वर्षांनी लागतोच. त्या वेळी बदल केला तर खर्च फार वाढत नाही. जाण्याआधी एक मोजपट्टी घेऊन दोन गोष्टी मोजून न्या: आताच्या राखीव जागांची रुंदी, आणि तिथून दुकानाच्या दारापर्यंत किती मार्गिका ओलांडाव्या लागतात. पुष्कळ ठिकाणी असं निघतं की 'आईवडिलांसाठी' म्हणून रंगवलेली जागा बाकीच्या जागांइतकीच २.४ मीटरची आहे, फक्त तिच्यावर बाबागाडीचं चित्र काढलंय. तसं निघालं तर व्यवस्थापकाला ते जरूर दाखवा: ती जागा तुमच्या आईंच्या कामाची आहे, बाळाच्या कामाची नाही.